गाडी खाली घेतली की चाकाने जायचं कुठे? कॉलिन चॅपमनचं आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरलं

नाशिकहून मुंबई-आग्रा हायवेने निघालं की वीसेक किलोमीटरवर ओझर लागतं. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं तरी इथली माणसं मान वर करून बघत नाहीत. १९६४ पासून एचएएलचा कारखाना गावाच्या शेजारीच आहे. मिग-२१ इथे बनली, मिग-२७ बनली, पुढे सुखोई-३० बनली. घरातलं, नाहीतर शेजारचं कुणीतरी एचएएलमध्ये असतंच, त्यामुळे पंखाखालून हवा गेली की विमान का उचललं जातं हे इथे वेगळं शिकवावं लागत नाही.

अशा गावात मशीनची हौस असणार, आणि मशीनची हौस म्हटली की गाडी आलीच. जुनी स्विफ्ट किंवा पोलो घ्यायची, मोठे अलॉय टाकायचे आणि मग गाडी ‘लो’ करायची. टायर आणि मडगार्डमधली फट बुजली की गाडी कशी जमिनीला चिकटून बसल्यासारखी दिसते. रीलला लाइक्स पण भरपूर.

पुढचा सीन ठरलेला असतो. चार मित्र बसवून गाडी बाहेर निघते, पहिला स्पीडब्रेकर येतो आणि खालून धाडकन आवाज होतो. गाडी परत गॅरेजला. एक मिस्त्री सांगतो, बंप रबर आपटतंय, अर्धं कापून टाकू. दुसरा सांगतो, त्याला हात लावू नका, शॉकअप फुटेल.

खरं कोण बोलतंय? थोडं थोडं दोघंही.

शॉकअपच्या दांड्यावर, डस्ट कव्हरच्या आत, रबराचा किंवा फोमसारख्या पॉलियुरेथेनचा एक निमुळता तुकडा असतो. तोच बंप स्टॉप, गॅरेजच्या भाषेत बंप रबर. खड्ड्यात चाक जोरात वर आलं की शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये हा तुकडा दबतो आणि लोखंडावर लोखंड आपटू देत नाही.

हिशोब सोपा आहे. समजा चाकाला वर यायला ८ सेंटीमीटर जागा आहे. पहिले ४ मोकळे, नंतरचे ४ रबर दाबत जायचे. आता गाडी ३ सेंटीमीटर खाली घेतली. मोकळी जागा उरली १. म्हणजे साधा खड्डा आला तरी चाक रबरावर. यावर उपाय म्हणून रबर २ सेंटीमीटर कापलं, तर मोकळी जागा ३ झाली, पण गादी उरली फक्त २ सेंटीमीटरची. एकूण जागा काही वाढली नाही. या खिशातले पैसे त्या खिशात गेले, इतकंच.

हा हिशोब जगातल्या सगळ्यात हुशार गाडीवाल्यालाही चुकला नाही. त्याचं नाव कॉलिन चॅपमन. लोटस कंपनीचा मालक, फॉर्म्युला वनमध्ये बांधणीची सात जागतिक विजेतेपदं मिळवलेल्या टीमचा बॉस. गाडी जमिनीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, आणि तरी चाकाला वर-खाली व्हायला जागा ठेवायची, यासाठी त्याने तीस वर्षं डोकं लावलं. त्यात तो जिंकला, हरला, काही चांगली माणसं गमावून बसला आणि शेवटी सगळ्या जगाशी भांडला.

पबवाल्याचा पोरगा

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवायचे. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा पोरगा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला गेला. म्हणजे पूल, इमारती, त्यांचे सांगाडे. सोबत युनिव्हर्सिटीच्या एअर स्क्वाड्रनमध्ये विमान चालवायला शिकला. पूल आणि विमान या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेवटपर्यंत राहिल्या.

कॉलेज करता करता तो जुन्या गाड्यांची दलाली करायचा. धंदा बरा चालला होता, पण १९४७ मध्ये इंग्लंडच्या सरकारने खासगी गाड्यांचा पेट्रोलचा कोटाच बंद केला. पेट्रोल नाही तर गाडी कोण घेणार? पडेल त्या भावात माल काढावा लागला. शेवटी एक १९३० ची ऑस्टिन सेव्हन तेवढी विकायची राहिली.

त्याने तीच गाडी उघडली. मैत्रीण हेझल विल्यम्सच्या आईवडिलांच्या घरामागे गॅरेज होतं, तिथे तिचा सांगाडा मोकळा केला आणि प्लायवूड-अॅल्युमिनियमची नवी बॉडी चढवली. चिखलातल्या चढावांच्या शर्यतीसाठी बनवलेली ही गाडी म्हणजे पहिली लोटस. नाव लोटसच का, हे त्याने जाहीरपणे कधीच सांगितलं नाही. कंपनीच्या बिल्ल्यावर मात्र स्वतःची चारही आद्याक्षरं गुंफून ठेवली.

मधल्या काळात गणिताच्या पेपरात नापास होऊन त्याची पदवी लांबली, ती नंतर मिळाली. १९५२ मध्ये कंपनी रजिस्टर करायला हेझलने २५ पाउंड उसने दिले. १९५४ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्या २५ पाउंडांचं पुढे काय झालं ते विचारू नका.

कडक सांगाडा, मऊ स्प्रिंग

त्या काळच्या स्पोर्ट्स गाड्यांची एक ठरलेली रीत होती. सांगाडा लवचिक आणि स्प्रिंग दगडासारख्या. गाडी कडक म्हणजे वेगवान, असा समज. आजही गाडी लो करणाऱ्यांमध्ये तो आहेच.

चॅपमन पूल बांधायला शिकलेला माणूस. त्याला ही रीत उलटी वाटली. सांगाडाच पिळवटत असेल तर तो स्वतःच एक बेभरवशाची स्प्रिंग झाला, मग खऱ्या स्प्रिंगने काय करायचं? त्याने सांगाडा पुलासारखा कडक आणि हलका केला, आणि स्प्रिंग मऊ ठेवल्या. चाकाला वर-खाली जायला भरपूर अंतर द्यायचं, पण ते अंतर नीट आवरणारा शॉकअप लावायचा. खड्डा आला तर चाकाने आपलं आपण वर जावं आणि गाडीने शांत राहावं. टायर सतत रस्त्याला टेकलेला राहिला तरच ब्रेक लागतो आणि गाडी वळते.

१९५७ ची लोटस सेव्हन, त्याच वर्षी दाखवलेली फायबरग्लासची एलिट, मागच्या चाकांसाठीचा त्याच्याच नावाने ओळखला जाणारा ‘चॅपमन स्ट्रट’, हे सगळं यातूनच आलं. १९६२ ची लोटस एलान ही तर या विचाराची चालतीबोलती जाहिरात होती. जेमतेम ७०० किलोची ठेंगणी गाडी, पण स्प्रिंग इतक्या मऊ की खराब रस्त्यावरही आतल्या माणसाचे हाल होत नसत. वळणावर ती किंचित कलायची पण पकड सोडायची नाही. पुढे जपानच्या माझदाने एमएक्स-५ बनवली तेव्हा समोर आदर्श म्हणून हीच गाडी होती.

रेसच्या गाडीत गोष्ट अवघड होती, कारण तिथे प्रत्येक सेंटीमीटर उंची नडते. त्याच १९६२ मध्ये त्याने फॉर्म्युला वनसाठी लोटस २५ आणली. विमानाच्या धडासारखा पत्र्याचाच पोकळ सांगाडा, ज्याला मोनोकॉक म्हणतात. ड्रायव्हर जवळजवळ झोपलेला. पुढच्या स्प्रिंग आणि शॉकअप चाकाजवळून काढून बॉडीच्या आत लपवलेले, म्हणजे बाहेर वाऱ्याला अडथळा नाही. गाडी बुटकी झाली, पण चाकाची जागा खाऊन नाही. माणसाची आणि सामानाची मांडणी बदलून.

जिम क्लार्क नावाच्या शांत, मितभाषी स्कॉटिश ड्रायव्हरने या गाडीवर १९६३ चं विजेतेपद आणलं. १९६५ मध्ये परत तो विजेता, वर त्याच वर्षी अमेरिकेतली इंडियानापोलिस ५००. मालक आणि ड्रायव्हर यांच्यापेक्षा दोघांचं नातं मित्रांचं जास्त होतं.

१९६६ मध्ये कंपनी नॉरफोक परगण्यातल्या हेथेलला गेली. ओझरच्या माणसाला ही जागा ओळखीची वाटली असती. महायुद्धात अमेरिकन बाँबर विमानं जिथून उडायची तो हा जुना तळ. धावपट्टीच्या आजूबाजूला कारखाना आणि धावपट्टीवरच गाड्यांची चाचणी.

उलटा पंख

७ एप्रिल १९६८ ला जर्मनीत हॉकेनहाइमला एका छोट्या शर्यतीत क्लार्कची लोटस झाडांमध्ये घुसली. तो गेला. चॅपमन जवळच्यांच्या आठवणीत त्यानंतर कधी पूर्वीसारखा झाला नाही. पण टीम थांबली नाही, त्या वर्षीचं विजेतेपद ग्रॅहम हिलने लोटसलाच मिळवून दिलं.

आणि त्याच मोसमात गाड्यांवर पंख आले. विमानाचा पंख विमान वर उचलतो, तोच उलटा लावला तर गाडी खाली दाबली जाईल आणि टायरची पकड वाढेल. कल्पना एकट्या चॅपमनची नव्हती, पण त्याने त्यात बंप रबराचा प्रश्न सगळ्यांच्या आधी नीट ओळखला.

पंख बॉडीवर लावला तर हवेचा दाब बॉडीवर येणार, बॉडी स्प्रिंग दाबणार, आणि वेगात गाडी आपोआप लो होऊन रबरावर बसणार. मग खड्डा आला तर चाकाने जायचं कुठे? म्हणून चॅपमनने पंख बॉडीवर लावलाच नाही. उंच, बारीक खांबांवर तो थेट चाकाच्या हबला जोडला. दाब सरळ टायरवर, स्प्रिंग मोकळी. कागदावर याच्यात खोट काढायला जागा नाही.

रस्त्यावर मात्र होती. चाक उसळलं की खांबही उसळणार, आणि चॅपमनला प्रत्येक वस्तू हलकी हवी असायची. ४ मे १९६९ ला बार्सिलोनाच्या माँट्युइक सर्किटवर आधी हिलच्या गाडीचा पंख मोडला आणि तो कठड्यावर आदळला. थोड्याच वेळात जोखेन रिंटच्या गाडीचं तेच झालं आणि तो हिलच्याच मोडक्या गाडीत घुसला. दोघं वाचले, रिंट जखमी झाला. पुढच्या मोनॅकोच्या शर्यतीत सरावाच्या वेळीच उंच पंखांवर बंदी आली. नंतर नियम झाला की पंख बॉडीलाच पक्का असायला हवा, हलता कामा नये.

हे वाक्य लक्षात ठेवा. बारा वर्षांनी हाच नियम चॅपमनच्या गळ्याशी येणार होता.

रिंटने त्या अपघातानंतर चॅपमनला पत्र लिहून सांगितलं होतं की तुमच्या गाड्या वेगवान आहेत पण फार नाजूक आहेत, थोडं वजन वाढलं तरी चालेल, पण मजबूत भाग लावा. ५ सप्टेंबर १९७० ला मोंझाच्या सरावात रिंटच्या लोटस ७२ चा पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि त्याचा जीव गेला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. हलकेपणाचा हा हट्ट चॅपमनच्या नावामागे कायमचा लागला, आणि तो लागणं चूक नव्हतं. याच माणसाने गाडी कशी चालावी हे जगाला शिकवलं आणि याच माणसाच्या गाड्यांचे भाग तुटत राहिले.

त्या लोटस ७२ मध्ये आपल्या विषयाच्या दृष्टीने एक सुंदर गोष्ट होती. साध्या स्प्रिंगऐवजी पीळ खाणाऱ्या दांड्या, आणि मांडणी अशी की चाक जितकं वर येईल तितकं सस्पेन्शन कडक होत जाईल. सुरुवातीला मऊ, शेवटाकडे घट्ट. चांगलं बंप रबर नेमकं हेच काम करतं. फरक इतकाच की इथे ते अख्ख्या सस्पेन्शनमध्ये वाटून दिलेलं होतं. ही गाडी १९७० ते १९७५ अशी सहा मोसम धावली.

गाडीचं पोटच पंख झालं

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लोटस मागे पडली होती. चॅपमनने महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या पंखात बसवलेल्या रेडिएटरचा विचार करता करता एक लांबलचक टिपण तयार केलं आणि आपल्या माणसांपुढे ठेवलं. टोनी रड, पीटर राइट, राल्फ बेलामी ही त्यातली मुख्य नावं. इम्पीरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये राइट मॉडेलवर काम करत असताना आकडे वेडेवाकडे यायला लागले. बघितलं तर मॉडेलच्या बाजू खाली लोंबत होत्या आणि त्या जमिनीजवळ गेल्या की दाब एकदम वाढत होता. कडेने पुठ्ठे लावून फट बुजवली आणि आकडे उसळलेच.

गाडीचं पोट म्हणजेच उलटा पंख, आणि दोन्ही कडांनी जमिनीला घासत जाणारे पडदे. हा ‘ग्राउंड इफेक्ट’. १९७७ ची लोटस ७८ आणि १९७८ ची लोटस ७९ अशा चिकटून पळायच्या की बाकीच्यांना कळेना काय चाललंय. १९७८ चं विजेतेपद मारियो आंद्रेत्तीचं. त्याच वर्षी मोंझाला त्याचा सोबती रॉनी पीटरसन सुरुवातीच्या टकरीत जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. लोटसला आनंद साजरा करायची संधी फार कमी वेळा मिळाली.

आता अडचण बघा. हा दाब जमीन आणि पोट यांच्यातल्या फटीवर अवलंबून. गाडी जरा उसळली की दाब गेला, खाली बसली की दाब दुप्पट जोराने आला, परत उसळली. १९७९ ची लोटस ८० अशी डॉल्फिनसारखी उड्या मारत पळायला लागली. स्पेनमध्ये पहिल्याच शर्यतीत तिसरा नंबर आला खरा, पण थोड्याच शर्यतींनंतर गाडी बाजूला ठेवावी लागली.

यावर सगळ्या टीमनी सोपा उपाय शोधला, स्प्रिंग कडक करा. आणखी कडक करा. ज्या माणसाने मऊ स्प्रिंगवर नाव कमावलं त्याच्याच शोधामुळे फॉर्म्युला वनच्या गाड्या हातगाड्या झाल्या.

सहा सेंटीमीटर

१९८१ साठी नियम आला की सरकते पडदे बंद, आणि गाडीचं पोट जमिनीपासून किमान ६ सेंटीमीटर वर हवं. तुलनेसाठी सांगायचं तर आपल्याकडे रस्त्यांच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकरची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असायला हवी.

पण उंची मोजणार कुठे? गाडी उभी असताना, पिटमध्ये. ब्रॅबम टीमच्या गॉर्डन मरीने लगेच शक्कल काढली. हवा आणि तेलावर चालणारं सस्पेन्शन, जे वेगात दाबलं जाऊन गाडी खाली बसवायचं आणि पिटमध्ये येताना परत वर उचलायचं. नियमात बसलं. सगळ्यांनी नक्कल केली. गाडी खाली बसल्यावर चाकांना हलायला जागा नावापुरती राहायची, आणि रस्त्याचा प्रत्येक दणका ड्रायव्हरच्या मणक्यात जायचा. डोळ्यांपुढे अंधारी येणं, पाठ-मानदुखी या तक्रारी त्या दोन वर्षांत नेहमीच्या झाल्या.

चॅपमनचं उत्तर होतं लोटस ८८. यात एकात एक असे दोन सांगाडे होते. बाहेरचा सांगाडा म्हणजे बॉडी, साइडपॉड आणि पोटाखालचा पंख. तो त्याच्या वेगळ्या स्प्रिंगवर थेट चाकांच्या हबजवळ टेकलेला. वेग आला की तो दबून खाली बसणार आणि हवेचा सगळा भार सरळ टायरवर देणार. आतला सांगाडा म्हणजे ड्रायव्हर, इंजिन, टाकी. त्याला वेगळ्या, मऊ स्प्रिंग. बाहेरची गाडी खुशाल खाली बसू दे, आतल्या माणसाला चाकाची हालचाल जाणवायला नको. १९६८ च्या उंच पंखांमागचा विचारच त्याने पूर्ण गाडीच्या आकाराचा केला होता. सांगाडा कार्बन फायबरचा, त्या काळात अगदी नवा.

मार्च १९८१ मध्ये अमेरिकेतल्या लाँग बीचला एलियो डी अँजेलिस ही गाडी घेऊन सरावाला उतरला आणि इतर टीमनी तक्रारींचा पाऊस पाडला. गाडीला काळा झेंडा. पुढे ब्राझीलमध्ये तेच, अर्जेंटिनात तेच. आक्षेप हाच की बाहेरचा सांगाडा हलतो, म्हणजे हलता पंख, म्हणजे १९६९ चा नियम मोडला. चॅपमनचं म्हणणं, मग पिटमध्ये वर आणि ट्रॅकवर खाली होणाऱ्या बाकीच्यांच्या गाड्या काय हलत नाहीत? मुद्दा बिनतोड होता आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. रागाच्या भरात त्याने टीम पुढच्या इमोलाच्या शर्यतीला पाठवलीच नाही. जुलैत सिल्व्हरस्टोनला बदल करून परत प्रयत्न केला, तिथेही नाही. ही गाडी एकाही शर्यतीत धावली नाही.

नियम बघता अधिकाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पण ड्रायव्हरच्या पाठीचा विचार करणारी एकमेव गाडी घरी बसली आणि पाठ मोडणाऱ्या गाड्या धावत राहिल्या, हेही तितकंच खरं.

आता आपल्या स्विफ्टकडे

फॉर्म्युला वनच्या त्या दोन वर्षांत जे झालं तेच लो केलेल्या गाडीत होतं, फक्त वेग कमी असतो. आवाज आणि दणका हा त्यातला छोटा त्रास. मोठा धोका वळणावर आहे. कसारा घाटात गाडी जोरात वळते तेव्हा भार बाहेरच्या चाकावर जातो. तिथे चाक आधीच रबराला टेकलेलं असेल तर सस्पेन्शन एका क्षणात मऊवरून दगड होतं आणि टायर घसरतो. पुढचं चाक असेल तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते, मागचं असेल तर शेपूट फिरते. ड्रायव्हरला आधी काही कळतच नाही.

म्हणून बंप रबर पूर्ण काढून टाकणं हा पर्यायच नाही. मग दणका शॉकअपच्या आत, नाहीतर टायर आणि मडगार्डमध्ये जातो. कापायचं की नाही हे गाडी किती खाली घेतली त्यावर आहे. लो करायच्या स्प्रिंग बनवणाऱ्या काही कंपन्या कोणत्या गाडीला किती रबर कमी करायचं हे सोबतच्या कागदावर लिहून देतात, काही बुटकं रबरच देतात. तेवढंच करायचं. त्यातही रबराचं निमुळतं टोक हा त्याचा मऊ भाग असतो. मिस्त्रीने तेच उडवलं तर उरतो तो कडक बुडखा, आणि दणका पहिल्यापेक्षा जास्त बसतो.

गाडी जास्त खाली हवी असेल तर मूळ शॉकअप ठेवून भागत नाही. बुटक्या बॉडीचा शॉकअप, त्याला जुळणारी स्प्रिंग आणि त्याला जुळणारं रबर असा सेट लागतो. चॅपमनने स्प्रिंग बॉडीच्या आत नेली तसंच हे. उंची कमी करायची तर मांडणी बदलायला हवी, आहे त्याच जागेत कापाकापी करून भागत नाही. आणि मूळ स्प्रिंगच कटरने कापणं म्हणजे तर वैऱ्यालाही न सांगण्यासारखं काम. चाक लोंबकळलं की तोकडी स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

काम झाल्यावर जागा उरली का, हे घरच्या घरी बघता येतं. डस्ट कव्हर वर सरकवून शॉकअपच्या दांड्याला प्लास्टिकची झिप टाय घट्ट बांधायची, चार माणसं बसवून रोजच्या रस्त्याने एक चक्कर मारायची. झिप टाय सरकत सरकत कुठवर गेली ते पाहिलं की चाक किती वर आलं ते कळतं. साध्या रस्त्यावरच ती रबरापर्यंत जाऊन बसत असेल तर गाडी फार खाली आहे. कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर जाणाऱ्या बदलांना बंदी आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. इन्शुरन्सवाले अपघातानंतर हेच आधी बघतात.

सर्किटवर या रबराचं नशीब वेगळंच निघालं. हवेच्या दाबाने गाडी किती खाली बसू द्यायची हे ठरवायला रेसिंग इंजिनिअर ते मुद्दाम मापून लावू लागले. त्याखाली पातळ चकत्या घालून कमी-जास्त करू लागले. जी वस्तू गॅरेजमध्ये ब्लेडने अंदाजपंचे कापली जाते, ती तिथे मिलिमीटरवर ठरते.

शेवटचा डिसेंबर

लोटस ८८ च्या भांडणानंतर चॅपमनचं लक्ष उडालं होतं असं म्हणतात. त्याच काळात एक मोठं प्रकरण त्याच्याभोवती आवळत होतं. अमेरिकन उद्योजक जॉन डिलोरियनची स्टीलची गाडी लोटसने डिझाइन करून दिली होती. उत्तर आयर्लंडमध्ये कारखाना काढायला ब्रिटिश सरकारने दिलेल्या पैशातली मोठी रक्कम पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्गे गायब झाली. चॅपमनचा जुना हिशोबनीस फ्रेड बुशेल याला त्यात पुढे १९९२ मध्ये तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असता तर त्याला याहून मोठी शिक्षा झाली असती, असं त्या खटल्यातल्या न्यायाधीशांनी सांगितलं. त्याचा मोठेपणा सांगताना हे वगळून चालत नाही.

ऑगस्ट १९८२ मध्ये ऑस्ट्रियात डी अँजेलिसने लोटसला एका सेकंदाच्या वीसाव्या भागाने जिंकून दिलं. लोटस जिंकली की चॅपमन पिटच्या भिंतीवरून धावत जाऊन डोक्यावरची काळी टोपी हवेत फेकायचा. ती टोपी त्या दिवशी शेवटची उडाली.

पण हेथेलमध्ये एक काम चालू होतं. पीटर राइट आणि मंडळींनी एका लोटस एस्प्रीमधून स्प्रिंग काढून तिथे तेलाच्या दाबावर चालणारे जॅक बसवले होते. प्रत्येक चाकाला काय होतंय हे सेन्सर सांगणार, कॉम्प्युटर ठरवणार आणि जॅक चाक उचलणार किंवा दाबणार. हवेने गाडी दाबली तर कॉम्प्युटर तिला तितकीच वर धरून ठेवणार, आणि खड्डा आला तर चाक मोकळं सोडणार. गाडी लो पण राहणार आणि चाकाला जागा पण मिळणार. दोन सांगाड्यांनी जे करायला बंदी झाली ते आता एका सांगाड्यात होणार होतं.

या ॲक्टिव्ह सस्पेन्शनची फॉर्म्युला वन गाडी स्नेटरटन सर्किटवर पहिल्यांदा धावली ती १६ डिसेंबर १९८२ ला. त्याच दिवशी पहाटे चॅपमनला हृदयविकाराचा झटका आला होता. वय ५४. ड्रायव्हर डेव्ह स्कॉट आणि मेकॅनिक गाडी घेऊन ट्रॅकवर होते तेव्हा मालक या जगात नव्हता.

१९८३ च्या सुरुवातीला नायजेल मॅन्सेलने ही गाडी शर्यतीत चालवली, पण ती जड होती आणि बेभरवशाची होती. लोटसने ती बाजूला ठेवली. १९८७ मध्ये परत काढली, आणि ३१ मे ला मोनॅकोच्या उंच-सखल गल्ल्यांमध्ये पिवळ्या लोटसमध्ये बसलेल्या आयर्टन सेनाने शर्यत जिंकली. ॲक्टिव्ह सस्पेन्शनच्या गाडीचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय. तीन आठवड्यांनी डेट्रॉइटच्या खडबडीत रस्त्यांवर दुसरा आला. तिथे सेनाने अख्खी शर्यत टायर न बदलता काढली.